बेटावरचे बँडमास्तर

२ जून १९१७ रोजी अमेरिकेच्या नौदलाने सेंट थॉमस या कॅरिबियन बेटावर एक अख्खा बँड भरती करून घेतला. वादक सगळे कृष्णवर्णीय, पुष्कळसे अजून तरुण पोरे. त्यांचा म्होरक्या सत्तावीस वर्षांचा, बूट शिवण्याचे काम शिकलेला एक बासरीवादक होता. आल्टन ऑगस्टस ॲडम्स हे त्यांचे नाव. त्या दिवशी ते अमेरिकन नौदलातले पहिले कृष्णवर्णीय बँडमास्तर झाले, आणि संदर्भग्रंथांत त्यांची ओळख उरली आहे ती बहुतेक याच एका ओळीपुरती. ओळ खरी आहे, मोलाचीही आहे. पण नौदलाने जो बँड घेतला तो ॲडम्स यांनी सात वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, बेटावरची मुले जमवून उभा केला होता. 'ॲडम्स जुव्हेनाइल बँड' असे त्याचे नाव. मुलांना सूर-ताल शिकवता शिकवता तयार झालेले हे पथक. गणवेश नंतर आला, शिकवणी आधीची.

पुढील पानांत सांगितलेल्या आयुष्याकडे वाचकांनी या क्रमाने पाहावे अशी माझी विनंती आहे. लष्करी वादकांची चरित्रे एरवी उलट्या क्रमाने सांगितली जातात. ऐन उमेदीत पलटणीत वाजवले, मग निवृत्त होऊन एखाद्या शाळेत मुलांना शिकवत उरलेली वर्षे काढली. त्या मांडणीत शाळा ही उतारवयातली सोय ठरते. ॲडम्स यांना ती मांडणी लागू पडत नाही, आणि इतरही अनेक बँडमास्तरांच्या बाबतीत ती अपुरी पडते असे माझे मत आहे. संचलनासाठी सरकार पगार देते, वाद्ये देते, स्वरलिपीचे कागद देते, सरावाला जागा देते. हे सगळे मुलांच्या कामी लावणारा माणूस त्या बँडमध्ये असला, तर एका गावाचे कान बदलतात. ॲडम्स तसे होते. म्हणून नौदलातल्या नोकरीची ही कथा मी एका शिक्षकाची कथा म्हणून वाचतो.

सेंट थॉमस, सेंट क्रॉय आणि सेंट जॉन ही तीन बेटे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होती. तमिळनाडूतले तरंगमबाडी आणि बंगालमधले सेरामपूर ज्यांनी १८४५ मध्ये इंग्रजांना विकले, तेच हे डॅनिश राज्यकर्ते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर, उसाच्या मळ्यांवर ही वसाहत पोसली गेली. जुलै १८४८ मध्ये सेंट क्रॉयवरच्या गुलामांनी उठाव केला आणि गव्हर्नर पीटर फॉन शॉल्टेन यांना गुलामगिरी संपल्याचे तिथल्या तिथे जाहीर करावे लागले. ॲडम्स यांचा जन्म त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर १८८९ रोजी, सेंट थॉमसच्या शार्लट अमाली या बंदरात झाला. बेड्यांचा काळ स्वतः भोगलेली म्हातारी माणसे त्यांच्या लहानपणी गावात होती.

शार्लट अमाली हे जहाजांवर जगणारे गाव. झेंडा डॅनिश, पण लोकांच्या तोंडी इंग्रजी. चित्रकार कामिय पिसारो १८३० मध्ये इथेच जन्मले आणि पॅरिसला गेले. आफ्रिकन स्वाभिमानाचा पहिला मोठा विचारवंत म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते एडवर्ड विल्मॉट ब्लायडन १८३२ मध्ये इथेच जन्मले आणि लायबेरियाला गेले. बेटावर राहून मोठे होण्याची वाट त्यांच्यापुढे नव्हती. ॲडम्स बाहेर गेले ते कामापुरते, आणि प्रत्येक वेळी परत आले.

घर कारागिरांचे होते. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते झाले. आधी सुतारकामाची उमेदवारी, मग बूट शिवण्याची. संगीतात त्यांनी हात बसवला तो पिकोलोवर आणि मग बासरीवर. पिकोलो हे बँडमधले सगळ्यात छोटे वाद्य. ते एका हातात मावते, पण त्याचा सूर साऱ्या पितळी गजराच्या वर चढून ऐकू येतो. पुढे ते गावातल्या म्युनिसिपल बँडमध्ये वाजवू लागले.

स्वरमेळाचे शास्त्र शिकवणारा कुणी बेटावर नव्हता, तेव्हा त्यांनी ते डाकेने शिकायचे ठरवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक ह्यू क्लार्क हे त्यांच्या अशा गुरूंपैकी एक. चार आवाजांचा स्वरमेळ सोडवायचा, कागद बोटीने पाठवायचा, आणि दुरुस्त्या परत येईपर्यंत पुढच्या धड्याला लागायचे, असे हे शिक्षण. ते कष्टाचे असते. गुरूचा चेहरा दिसत नाही, चूक झाली त्या क्षणी कुणी थांबवत नाही. पण त्याची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतली बहुतेक संगीतविद्यालये कृष्णवर्णीय मुलाला तेव्हा दारातूनच परत पाठवत, आणि डाकेतून जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचा रंग दिसत नाही. तिथे फक्त पंचम बरोबर आहे की चूक, एवढेच पाहिले जाते. याच काळात बोस्टनहून निघणाऱ्या 'जेकब्स बँड मंथली' या मासिकात ॲडम्स लिहू लागले. कधी न पाहिलेल्या देशातल्या बँडवाल्यांशी ते बरोबरीच्या नात्याने बोलत होते, आणि त्या देशाने त्यांचे बेट अजून विकत घेतलेले नव्हते.

ती खरेदी ३१ मार्च १९१७ रोजी पूर्ण झाली. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुड्यांना कॅरिबियन समुद्रात तळ मिळू नये म्हणून अमेरिकेने अडीच कोटी डॉलर सोन्यात मोजून तिन्ही बेटे घेतली. बेटावरच्या लोकांना अधिकृतपणे कुणी विचारले नाही. कारभार नौदलाकडे गेला. गव्हर्नर नौदलाचा, अधिकारी गोरे, शिपाई गोरे, आणि रयत बहुतांशी कृष्णवर्णीय. हे अधिकारी आणि खलाशी ज्या अमेरिकेतून आले होते तिथे वर्णभेदाचे कायदे ऐन भरात होते. गोऱ्या खलाशांच्या वागणुकीने गावात ठिणग्या पडू लागल्या. गावाला जोडून घेणारे काहीतरी हवे आहे हे पहिल्या नौदल गव्हर्नरांच्या, जेम्स ऑलिव्हर यांच्या, प्रशासनाच्या ध्यानात आले. लोकांचा लाडका असा एक बँड गावात होताच.

त्या काळच्या नौदलात कृष्णवर्णीय माणसाला खानसामा, वाढपी, भट्टीत कोळसा टाकणारा, एवढीच कामे मिळत. युद्ध संपल्यावर तर १९१९ पासून त्यांची नवी भरतीच बंद झाली, ती थेट १९३२ पर्यंत, आणि पुन्हा उघडली तीही स्वयंपाकघरापुरती. अशा नौदलात ॲडम्स यांचे वादक संगीतकाराच्या हुद्द्यावर नोकरीला होते आणि त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच होता. हा अपवाद नौदलाने उदारपणे केलेला नव्हता, गरजेपोटी केलेला होता. पण अपवाद म्हणजे फट, आणि त्या फटीतून काय काय आत नेता येते हे ॲडम्स यांनी दाखवून दिले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावातल्या शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या समाजातल्या मुलांना आणि मुलींना पलटणीच्या शाळेत अक्षर मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा नोकरीबरोबर ती शाळाही गेली. मग महायुद्धाची निकड लागल्यावर १९१७ मध्ये, म्हणजे ॲडम्स यांचा बँड नौदलात गेला त्याच वर्षी, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. पुढच्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट पुन्हा उभारली गेली. युद्ध आले की दार उघडायचे, युद्ध सरले की लावून घ्यायचे, हा खेळ दोन खंडांत एकाच वेळी चालला होता. दार उघडे असेल तेवढ्या वेळात जे आत शिरून पुढच्या पिढीसाठी काही घेऊन आले, त्यांच्याविषयी लिहिताना मला रामजी सकपाळ आणि आल्टन ॲडम्स यांची नावे शेजारी ठेवावीशी वाटतात.

नौदलाने आपल्या बँडमास्तरांना बेटांवरच्या सरकारी शाळांमधल्या संगीताचे प्रमुखही केले. वादक सकाळ-संध्याकाळ संचलनाचे, झेंडावंदनाचे, बागेतल्या जलशांचे काम करत, आणि त्यांच्यातलेच काही जण शाळांत शिकवत. गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून जिचे नाव ठेवले आहे त्या इमॅन्सिपेशन गार्डनमध्ये त्यांचे जलसे होत. ज्या मुलांनी संध्याकाळी बागेत ही माणसे गणवेशात वाजवताना पाहिली, त्यांनाच ती दुसऱ्या दिवशी वर्गात भेटत. आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, आपल्याच गल्लीतल्या माणसाला संगीताची नोकरी असते आणि तो ती आपल्याला शिकवायला येतो, ही गोष्ट एखाद्या मुलाच्या मनात काय करत असेल याचा विचार वाचकांनी जरूर करावा.

बँड शिकवणे म्हणजे नेमके काय, हे इथे थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे संगीत शिकवण्याची कल्पना गुरूसमोर बसलेल्या एका शिष्याची आहे. बँडमास्तरांपुढे वीस-तीस मुले एकदम असतात आणि प्रत्येकाच्या हातात वेगळे यंत्र असते. कुणाला कोणते वाद्य द्यायचे हाच पहिला निर्णय. पातळ ओठांचे मूल कॉर्नेटवर लवकर बसते. ट्यूबाला श्वास मोठा लागतो आणि ते वाद्य मांडीवर पेलेल एवढे अंगही लागते. ट्रॉम्बोनची सरकती नळी शेवटपर्यंत नेता येईल इतका हात लांब हवा. पितळी वाद्याचे मूल आधी नुसत्या मुखनळीवर ओठ थरारवायला शिकते आणि कितीतरी दिवस त्यातून फक्त कर्कश आवाज निघतो. क्लॅरिनेटची बोरूची पात समुद्राच्या दमट हवेत फुगते, वाकडी होते, आणि मग सूर लागत नाही. ती घासून नीट करणे हेही मास्तरांनीच शिकवायचे.

त्यात आणखी एक अडचण. बँडमधल्या वाद्यांचा लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर एक नसतो. पियानोवरचा 'सी' सगळ्यांकडून हवा असेल तर कॉर्नेटच्या मुलाच्या कागदावर 'डी' लिहिलेला असतो आणि आल्टो हॉर्नच्या मुलाच्या कागदावर 'ए'. आपल्याकडे गायकाच्या आवाजाप्रमाणे षड्ज सरकतो, पण एका मैफलीत तो एकच असतो. इथे एकाच खोलीत, एकाच क्षणी, कागदावरचे तीन वेगळे षड्ज मास्तरांना डोक्यात बाळगावे लागतात आणि मुलांच्या कानात मात्र एकच उतरवावा लागतो. बँडमास्तर होण्यासाठी उत्तम वादक असणे पुरत नाही ते यामुळे. ॲडम्स यांनी तरुणपणी बोटीने कागद पाठवून केलेला अभ्यास इथे रोज उपयोगी पडत होता.

आणि सगळ्यांना मुख्य चाल मिळत नाही. मार्चमध्ये आल्टो हॉर्नचे काम बहुतेक वेळा मात्रेच्या मधल्या जागेवर एक छोटा सूर देणे एवढेच असते; ट्यूबाने ठोका दिला की त्याच्या मागून 'पा', पुन्हा ठोका, पुन्हा 'पा'. पानेच्या पाने हेच. नव्या मुलाला याचा कंटाळा येतो. पण ते मधले सूर जरा मागेपुढे झाले की पाय अडखळतात आणि सगळे संचलन विस्कटते. दुसऱ्याची चाल ऐकत आपली छोटी जागा अचूक भरण्याची ही शिकवण मला बँडमधली सगळ्यात मोठी शिकवण वाटते. ती एकट्याने रियाज करून येत नाही. ती खोलीतच, इतरांबरोबर, येते.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शाळांमधल्या बँडची लाट आली ती पहिल्या महायुद्धानंतर. युद्धातून परतलेले लष्करी वादक शाळांत शिक्षक झाले, आणि सैन्याच्या मागणीवर जगणारे वाद्यांचे कारखानदार नवे गिऱ्हाईक शोधू लागले. शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२३ मध्ये शिकागोला झाली, ती याच कारखानदारांच्या पुढाकाराने. ॲडम्स आणि त्यांचे सहकारी बेटांवरच्या शाळांत त्याआधीच शिकवू लागले होते. लाट त्यांच्यापर्यंत पोचण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.

त्यांच्या स्वतःच्या रचनांपैकी तीन मार्च मुख्य मानले जातात: १९१९ चा 'व्हर्जिन आयलंड्स मार्च', १९२१ चा 'द गव्हर्नर्स ओन', आणि १९२४ चा, अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांना अर्पण केलेला 'द स्पिरिट ऑफ द यू.एस.एन.'. मार्च ही बांधेसूद रचना. सुरुवातीला छोटी हाळी, मग दोन भाग, प्रत्येकाची पुनरावृत्ती, आणि मग 'ट्रिओ', जिथे मूळ स्वराचा मध्यम हा नवा षड्ज होतो आणि चाल एकदम मोकळी, गाण्यासारखी होते. जॉन फिलिप सूझा यांनी हा साचा अमेरिकेच्या घराघरात पोचवला होता आणि ॲडम्स यांच्यासाठी सूझा हे परमदैवत होते. कूलिज यांना अर्पण केलेल्या मार्चच्या वर्षीच, १९२४ मध्ये, ॲडम्स आपला बँड घेऊन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर गेले. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बोस्टन. नौदलाच्या गणवेशातला कृष्णवर्णीय वादकांचा बँड या शहरांनी तोवर पाहिला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी या दौऱ्याचे भरभरून स्वागत केले, आणि ज्यांना पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करण्याविषयी पत्र लिहिले, त्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांशीही ॲडम्स यांचा पत्रव्यवहार होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बेटावर सगळेच ॲडम्स यांच्या बाजूने नव्हते. नौदलाची राजवट म्हणजे मतदानाचा अधिकार नसलेल्या जनतेवर बंदुकवाल्यांचे राज्य, असे म्हणणारा एक जोरदार पक्ष होता आणि सेंट थॉमसचे वृत्तपत्र-संपादक रोथ्सचाइल्ड फ्रान्सिस हे त्याचे बिनीचे शिलेदार होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये स्थायिक झालेले बेटकरही या राजवटीविरुद्ध आवाज उठवत होते. ॲडम्स मात्र नौदलाच्या बाजूने बोलत आणि लिहीत राहिले. शिस्त, सचोटी आणि उत्तम कला यांनी गोऱ्यांचे मन वळेल यावर त्यांची श्रद्धा होती. राजकारणाच्या प्रश्नावर मला फ्रान्सिस यांची बाजू खरी वाटते. बेटकरांना नागरिकत्व मिळाले ते १९२७ मध्ये, आणि मालमत्तेची अट काढून मताचा अधिकार व्यापक झाला तो १९३६ च्या कायद्याने. यातले काहीही मार्च ऐकून मिळालेले नाही. १९२४ चा दौरा हा नौदलाच्या प्रतिमेसाठीही होता हे मान्य केले पाहिजे. तरीही, त्याच नौदलाच्या पैशातून शाळेत गेलेली वाद्ये आणि शिकलेली मुले खोटी ठरत नाहीत. ॲडम्स यांच्या चाहत्यांनी पहिली गोष्ट झाकली आणि टीकाकारांनी दुसरी. या आयुष्यात दोन्ही आहेत, आणि दोन्ही सोबत घेऊनच ते वाचावे लागते.

१९३१ मध्ये नौदलाची राजवट संपली. अध्यक्ष हूव्हर बेटांना भेट देऊन गेले आणि त्यांनी त्यांची संभावना गरीबखाना अशी केली. मुलकी गव्हर्नर आले. टीकाकारांना हवे होते ते घडले, पण राजवटीबरोबर बँडही उचलला गेला. त्याची बदली क्यूबामधल्या ग्वांतानामो तळावर झाली. मंदीच्या दिवसांत कितीतरी घरांचा बांधलेला पगार बेटाबाहेर गेला, आणि ज्यांनी शाळांत शिकवायचे ते वादक बोटीत बसून निघाले. एका खात्याच्या सोयीवर उभा असलेला शिक्षणक्रम खात्याबरोबर जातो. शाळेतला संगीतशिक्षक शाळेच्याच खर्चात धरला पाहिजे, हा मुद्दा महाराष्ट्रात आजही मांडावा लागतो, आणि तो मांडताना हे उदाहरण माझ्यासमोर असते.

त्याच सुमारास ॲडम्स यांच्या घरावर घाला आला. सेंट थॉमसमधल्या घराला आग लागली, तीत त्यांची एक मुलगी गेली. ग्रंथ आणि हस्तलिखित स्वरलिप्यांचा मोठा भाग जळाला. त्यांच्या रचनांपैकी आज हाती असलेल्या इतक्या थोड्या का, याचे कारण ही आग आहे. याविषयी त्याहून अधिक लिहिणे मला योग्य वाटत नाही. काही काळाने ते नौदलातून निवृत्त झाले आणि बेटावर परतले.

दुसरे महायुद्ध आले आणि १९४२ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे आले. वय बावन्न. ग्वांतानामोला त्यांच्या हाती जो बँड दिला तो सगळा गोऱ्या वादकांचा होता. ॲडम्स यांनी आपल्या जुन्या वादकांपैकी आठ जणांना परत घेण्याची परवानगी मागितली आणि मिळवली. गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एका बाकावर बसून एकच स्वरलिपी वाचू लागले, तेही अमेरिकन सैन्यदलांतला वर्णभेद कागदोपत्री संपण्याच्या सहा वर्षे आधी. ज्या माणसाने आयुष्यभर वेगवेगळ्या षड्जांची वाद्ये एका सुरात आणली, त्याच्या हातून हे व्हावे याचे मला नवल वाटत नाही.

त्याच १९४२ च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनात 'बी-१' हा कृष्णवर्णीय वादकांचा नौदल बँड उभा राहिला. पहिलेपणाचा मान अनेकदा त्यालाच दिला जातो आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा सेंट थॉमसचा बँड विसरला जातो. पण तो बँडही शाळेतूनच आला होता. त्याचे वादक ग्रीन्सबरो भागातल्या शाळा-महाविद्यालयांतले, आणि त्यांचे नेतृत्व करणारे जेम्स पार्सन्स हे ग्रीन्सबरोच्या शाळांतले संगीतशिक्षक. (हेच पार्सन्स पुढे वकील झाले आणि १९६१ मध्ये अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयावर तहहयात नियुक्ती मिळालेले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश ठरले.) युद्धानंतर त्या बँडमधले अनेक जण पुन्हा शाळांतच शिकवायला गेले.

शिकागोत कॅप्टन वॉल्टर डायेट यांनी तर ही परंपरा कळसाला नेली. आठव्या इन्फंट्रीच्या बँडचे प्रमुख असलेले डायेट १९३१ पासून शहराच्या दक्षिण भागातल्या शाळेत शिकवत, आणि मग ड्यूसाबल हायस्कूल हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन अमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन ही त्यांच्या विद्यार्थ्यांतली काही नावे. वर्गात त्यांचा दरारा पलटणीचा होता; चुकीचा सूर कुणाकडून आला हे त्यांना मान वर न करता कळे. विसाव्या शतकातल्या जाझ संगीताचा केवढा मोठा भाग एका शाळेतल्या एका खोलीतून बाहेर पडला, हे पाहिले की संगीताचा इतिहास मैफलींच्या आणि तबकड्यांच्या आधारे लिहिण्याची आपली सवय बदलावी असे वाटते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रींनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवले, तिथून पलटणींचे, संस्थानांचे आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वादक घडले. त्या मेस्त्रींची चरित्रे आपण कितीशी लिहिली आहेत?

ॲडम्स यांचे उत्तरायुष्य लांब आणि भरगच्च होते. त्यांनी वृत्तपत्रांत लिहिले, गावातल्या आपल्या जुन्या घरात अतिथिगृह चालवले, हॉटेलचालकांच्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले, आणि आपल्या आठवणी लिहीत राहिले. 'व्हर्जिन आयलंड्स मार्च' हे बेटांचे अधिकृत गीत झाले तेव्हा ते हयात होते आणि बेटावरच होते. २३ नोव्हेंबर १९८७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणी २००८ मध्ये संगीत-अभ्यासक मार्क क्लेग यांच्या संपादनाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केल्या. त्या आठवणींत नौदलाविषयीचा आदर जागोजागी आहे, आणि वर सांगितलेल्या वादात ते कोणत्या बाजूला होते हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्या लागतात.

पुस्तक वाचताना जमल्यास 'व्हर्जिन आयलंड्स मार्च'ही ऐकावा. त्याची ध्वनिमुद्रणे मिळतात. पहिल्यांदा कॉर्नेटची चाल ऐकावी, ती सहज मनात बसते. दुसऱ्यांदा ट्रिओ कुठे सुरू होतो ते शोधावे. तिसऱ्यांदा मात्र चाल सोडून द्यावी आणि ठोक्यांच्या मधल्या जागा भरणारी आल्टो हॉर्न ऐकावीत, कारण नवशिकी मुले बहुधा तिथेच बसवलेली असतात.